पर्समधली गोळी आणि पारसिकचा बोगदा

पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला त्या घटकेला खरोखरच मरण दिसत असतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आपण आता कोसळणार किंवा वेडे होणार असं वाटतं. काही मिनिटांत हे सगळं शिगेला पोचतं आणि हळूहळू ओसरतं. त्यानंतर माणूस पुढच्या अटॅकपासून स्वतःला जपायला लागतो. आजार वाढतो तो या जपण्यात. हे मला कळेपर्यंत आयुष्यातली चांगली वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

मी डोंबिवलीची, नोकरी मुंबईत. त्या काळी फास्ट लोकल दिवा सोडल्यावर पारसिकच्या बोगद्यातून ठाण्याला जायची. हा बोगदा एक किलोमीटरहून लांब आहे. पहिला अटॅक मला तिथे, सकाळच्या गर्दीत आला. ठाण्याला बायकांनी मला हाताला धरून उतरवलं. मग ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉइडची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकून घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून मी स्लो लोकल धरली. ती मुंब्रा, कळवा करत जाते; बोगदा टळतो आणि दर स्टेशनला उतरता येतं. मग दारापाशीच उभं राहायचं. मग पाण्याची बाटली हवी. मग एका डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलमची गोळी पर्समध्ये हवी. घेतली नाही तरी चालेल, पण हवी. मग नवरा सोबत हवा. लग्नाला गेले तर हॉलच्या शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची. पुढे नाटक-सिनेमा सुटला, फडके रोडवरची खरेदी सुटली, शेवटी नोकरीही सुटली. घरातले सगळे मायेने म्हणायचे, ‘तू नको जाऊस, आम्ही आणतो.’ त्या मायेने माझं जग चार भिंतींएवढं झालं. जिथून पटकन सुटता येणार नाही अशा जागा टाळत जाण्याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात, हे नंतर समजलं.

पुढे ज्या सायकॉलॉजिस्टबाईंकडे गेले त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “एवढे अटॅक आले, एकदाही काही झालं नाही. तुम्ही कशामुळे वाचलात असं वाटतं?” मी म्हटलं, “पर्समध्ये गोळी होती म्हणून. हे बरोबर होते म्हणून.” त्या म्हणाल्या, “म्हणजे दर वेळी श्रेय गोळीला आणि तुमच्या मिस्टरांना गेलं. अटॅक मुळात जिवावर बेतणारा नव्हता, हे तुमच्या मनाला कळायची संधीच मिळाली नाही.”

या साध्या वाटणाऱ्या वाक्यामागे मोठं संशोधन आहे. १९८६मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने पॅनिकचं चक्र मांडलं. छातीत धडधडतं, माणूस त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढतं, धडधड आणखी वाढते, आणि अर्थ खरा वाटू लागतो. पण मग शंभर वेळा धडधडूनही काही झालं नाही, तरी ही समजूत टिकते कशी? त्याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी दिलं: माणूस बचावासाठी काहीतरी करत असतो, आणि वाचलो ते त्यामुळेच, असं धरून चालतो. त्यांनी, क्लार्क यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये हे तपासून दाखवलं. अ‍ॅगोराफोबियाच्या रुग्णांना त्यांना भीती वाटणाऱ्या जागी थोडा वेळ नेलं. ज्यांनी बचावाच्या सवयी सोडल्या, त्यांची भीती जास्त उतरली. सवयी सांभाळून तिथेच उभे राहिलेल्यांची तेवढी उतरली नाही.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. आयझॅक मार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये लंडन आणि टोरांटो इथल्या १५४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्प्राझोलमने आलेला आराम गोळी कमी करून थांबवल्यावर टिकला नाही. भीतीच्या जागी मुद्दाम, पुन्हा पुन्हा जाण्याच्या उपचाराने आलेला टिकला. २०००मध्ये डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी ३१२ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी, दोन्ही गुणकारी ठरली. उपचार थांबवल्यानंतर मात्र सीबीटीचा गुण अधिक टिकला. औषधं वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. अनेकांना त्यांची गरज असते, आणि नैराश्य सोबत असेल तर नक्कीच असते.

माझे उपचार सुरू झाले ते बाईंच्या खोलीत. त्यांनी मला बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, फिरत्या खुर्चीत गरगर फिरवलं, मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगितलं. मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, हुबेहूब अटॅकसारखं. मग त्यांनी कारण सांगितलं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि हलकेपणा येतो. बेशुद्ध पडायला बहुधा रक्तदाब घसरावा लागतो. पॅनिकमध्ये तो वाढतो. शरीराची ही लक्षणं मी स्वतःच आणू शकते आणि ती आपोआप जातात, हे अंगाला पटलं, तेव्हा पहिल्यांदा धीर आला.

मग बाहेर. आधी गल्लीच्या टोकापर्यंत एकटी, मग फडके रोड, मग नुसतं प्लॅटफॉर्मवर बसणं, मग स्लो लोकल, मग फास्ट. एकेक आधार घरी ठेवत गेले. गोळी सर्वांत शेवटी सुटली. बोगद्यात अटॅक आलाही. मी बसून राहिले, तो आला तसा गेला, ठाणं आलं.

माझ्यासारख्या कुणासाठी हे चार शब्द.

आधी एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या. हृदय, थायरॉइड, दमा, रक्त कमी असणं हे सगळं बघून होऊ द्या. रिपोर्ट नॉर्मल आले की तीच तपासणी पुन्हा पुन्हा करत बसू नका. तोही एक आधारच आहे. छातीतलं दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

आपल्या आधारांची यादी करा. बाटली, मोबाइलवरचा सततचा कॉल, दाराजवळची जागा, नाडी मोजणं, सोबतीचं माणूस. जे नसेल तर बाहेर पाऊल पडत नाही, ते यादीत जायलाच हवं.

निघण्यापूर्वी लिहा: काय होईल असं वाटतं? ‘बेशुद्ध पडेन’, ‘ओरडत सुटेन’, जे असेल ते. परतल्यावर लिहा: प्रत्यक्षात काय झालं? मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या संशोधनाचा भर यावरच आहे. भीती शून्यावर येण्याची वाट बघायची नाही. मनातलं संकट खरं ठरलं का, एवढं पडताळायचं.

श्वासाचे व्यायाम अटॅक थोपवण्यासाठी करत असाल, तर तेही यादीत घाला. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल, तर लक्षणं मुद्दाम आणण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. अल्प्राझोलमसारखी औषधं एकदम थांबवली तर फिट येण्यापर्यंत धोका असतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करा.

घरच्यांना सांगणं एवढंच: आजारी माणसाऐवजी तुम्ही जाऊ नका. ‘काही होणार नाही ना?’ असं दहाव्यांदा विचारलं तर दहाव्यांदा धीर देण्याऐवजी ‘जाऊन बघ, आल्यावर सांग’ म्हणा. त्यात कठोरपणा वाटेल, पण माणूस त्यानेच मोकळं होतं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. तज्ज्ञांकडे गेल्यावर स्पष्ट विचारा: ‘तुम्ही पॅनिकसाठी सीबीटी करता का? त्यात भीतीच्या जागी जाण्याचा सराव असतो का?’ नुसत्या गप्पा आणि दिलासा देऊन पाठवत असतील, तर दुसरीकडे जा. गुण येणारा उपचार अस्तित्वात आहे, आणि तो मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.