बेरीज बरोबर, तरी जोडणी वितळली!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. आमच्या गावातील माध्यमिक शाळेचे विज्ञानशिक्षक मला भेटायला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आले. त्यांनी खिशातून कागदाची एक पुडी काढून टेबलावर उलगडली. आत वायरचा वीतभर तुकडा होता. त्याच्या टोकाची प्लॅस्टिकची जोडणी एका बाजूने काळी पडून वितळली होती.

हकीकत अशी. एका कार्यालयातून बाद झालेला, २०१२ सालचा तयार संगणक शाळेला देणगी म्हणून मिळाला होता. दहावीच्या मुलांना त्यावर ग्रहमालेची त्रिमितीय चित्रे फिरवून पाहायची होती. परंतु चित्र सारखे अडखळे. म्हणून मुलांनी वर्गणी काढून जीटीएक्स १०६० हे वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले. बसवण्यापूर्वी त्यांनी वहीत हिशेबही मांडला होता. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर ७७ वॅट, कार्ड १२० वॅट, बाकी सर्व मिळून अंदाजे ४० वॅट. एकूण २३७ वॅट. संगणकाच्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर, ३०० वॅट छापलेले. म्हणजे ६३ वॅट शिल्लक! तरीसुद्धा पहिल्याच दिवशी संगणक मधूनमधून बंद पडू लागला आणि तिसऱ्या दिवशी जळका वास आला. सरांनी ताबडतोब भिंतीवरचे बटण बंद केले, म्हणून निभावले.

“बेरीज मी स्वतः तपासली होती. मग चुकले कोठे?” सरांनी विचारले.

बेरीज खरोखरच बरोबर होती. मग चूक कोठे लपली होती, ते आपण क्रमाक्रमाने पाहू या. त्यासाठी तुम्हांला शाळेत शिकलेली दोनच सूत्रे लागतील.

एक टाकी, तीन नळ

पहिले सूत्र असे: विद्युत शक्ती = विभवांतर × विद्युतधारा. एक व्होल्ट विभवांतराखाली एक अँपिअर धारा वाहिली, तर शक्ती एक वॅट.

एसएमपीएस घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून मुख्यतः तीन प्रकारची एकदिश वीज तयार करतो: १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. पेटीवरचा ३०० वॅट हा आकडा या सर्वांची मिळून मर्यादा सांगतो. टाकी मोठी असली, तरी प्रत्येक नळाची तोटी किती पाणी सोडते हे वेगळेच असते ना? तसेच हे आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड भाग जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या नळातून घेतात.

सरांना मी पेटीवरचे लेबल वाचून आणायला सांगितले. १२ व्होल्टपुढे एकूण १६ अँपिअर लिहिले होते. म्हणजे १२ × १६ = १९२ वॅट. आता मागणी पाहा. प्रोसेसरच्या ७७ वॅटसाठी, मदरबोर्डवर होणारा क्षय धरून, सुमारे ९० वॅट, कार्ड १२०, पंखे व डिस्क सुमारे १०. एकूण २२० वॅट, म्हणजे १८ अँपिअरहून जास्त. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या नळांत होते; ते येथे काय कामाचे?

शिवाय १२० वॅट हा सरासरी आकडा असतो. दृश्य बदलते तेव्हा काही मिलिसेकंद कार्ड याहून बरीच जास्त धारा खेचते. एसएमपीएसमधील संरक्षक मंडल अशा वेळी पुरवठा तोडते. जुन्या पेटीतील कपॅसिटरही वयाने कमजोर झालेले असतात व असे धक्के त्यांना सोसत नाहीत. संगणक अचानक बंद पडत होता तो बहुधा यामुळेच. तो पहिला इशारा होता.

वाट किती रुंद?

दुसरा प्रश्न असा की वीज कार्डापर्यंत कोणत्या वाटेने जाते? प्रत्येक वाटेची मर्यादा ठरलेली आहे:

मदरबोर्डवरील मोठा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट: एकूण ७५ वॅट, त्यांपैकी १२ व्होल्टवर ६६ वॅट
सिक्स-पिन जोडणी: ७५ वॅट
एट-पिन जोडणी: १५० वॅट
डिस्कसाठी असलेली साटा जोडणी: १२ व्होल्टवर ५४ वॅट

जीटीएक्स १०६० ला स्लॉटखेरीज सिक्स-पिन जोडणी लागते. जुन्या कार्यालयीन संगणकाच्या एसएमपीएसला ती वायर नव्हती. दुकानदाराने साटाचे सिक्स-पिन करणारी एक स्वस्त वायर दिली. टोके छान बसली. पण टोक बसले म्हणजे वाट रुंद झाली असे नाही. सिक्स-पिन टोकाकडून कार्ड ७५ वॅट, म्हणजे ६.२५ अँपिअर मागू शकते. साटाच्या टोकाची मर्यादा ४.५ अँपिअर!

धारा दीडपट, उष्णता दुपटीहून अधिक

आता दुसरे सूत्र: रोधात निर्माण होणारी शक्ती = धारेचा वर्ग × रोध. येथे ‘वर्ग’ या शब्दाकडे लक्ष द्या. धारा दीडपट झाली तर उष्णता सव्वादोनपट होते. आपल्या उदाहरणात ६.२५ भागिले ४.५ म्हणजे १.३९, त्याचा वर्ग १.९३. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता.

ही उष्णता वायरीपेक्षा जोडणीतच अधिक त्रास देते. तेथे दोन धातूंचे पृष्ठभाग प्रत्यक्षात थोड्याच ठिकाणी एकमेकांना टेकलेले असतात. टाचणी सैल असेल किंवा धातूवर ऑक्साइडचा थर चढला असेल, तर रोध वाढतो. समजा, अशा एका टाचणीचा रोध ०.१ ओहम आहे व तिच्यातून ३ अँपिअर वाहतात. उष्णता ३ × ३ × ०.१ = ०.९ वॅट. हे क्षुल्लक वाटेल. परंतु ती तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकने बंदिस्त, वारा नसताना निर्माण होत राहते. तापल्याने स्पर्श आणखी बिघडतो, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते. या दुष्टचक्राचा शेवट पुडीतल्या त्या काळ्या तुकड्यात झाला होता.

मग १२ व्होल्टच का?

कार्डावरील मुख्य चिपला प्रत्यक्षात सुमारे एक व्होल्टच लागतो. मग १०० वॅटसाठी तिच्यात सुमारे १०० अँपिअर धारा वाहते! एवढी धारा बारीक वायरींतून आणली असती तर त्या जळाल्या असत्या. म्हणून वीज १२ व्होल्टने आणतात व चिपशेजारीच तिचे विभवांतर उतरवतात. कोयनेची वीज उच्च दाबाने दूरवर नेऊन गावाजवळ तो उतरवतात, त्यामागचे तत्त्व हेच.

उपाय

आम्ही ते कार्ड परत देऊन जीटीएक्स १०५० टीआय घेतले. २०१६ साली आलेल्या या कार्डाची मागणी ७५ वॅट. त्याच्या जादा जोडणी नसलेल्या प्रकाराला स्लॉटच पुरतो. १२ व्होल्टचा हिशेब: ९० + ६६ + १० = १६६ वॅट. मर्यादा १९२. आता गुरू आणि शनी न अडखळता फिरतात.

“मोठा एसएमपीएसच का नाही घातला?” असे मुलांनी विचारले. तोही मार्ग आहे. पण तयार संगणकात आधी नीट पाहावे लागते. उदाहरणार्थ, डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये मदरबोर्डाला बाजारातल्या नेहमीच्या २४ टाचण्यांऐवजी ८ टाचण्यांची जोडणी आहे. काही लहान संगणकांत पेटीचा आकारच वेगळा असतो, आणि त्यांचा स्लॉट पूर्ण ७५ वॅट देईलच असेही नाही. म्हणून कार्ड घेण्यापूर्वी माहितीपुस्तिका वाचावी.

एक सक्त सूचना. कॅबिनेट उघडण्यापूर्वी भिंतीवरची पिन काढा व मोठ्या माणसाला जवळ ठेवा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये तेवढा भार काही काळ राहू शकतो.

करून पाहा

१. एका एसएमपीएसवर १२ व्होल्ट, २५ अँपिअर लिहिले आहे. वरील २२० वॅटची मागणी भागेल का?
२. एट-पिन जोडणीतून पूर्ण १५० वॅट घेतल्यास धारा किती?
३. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के आहे. संगणकाला २३७ वॅट देताना तो भिंतीतून किती वॅट घेईल? दोन तासांत किती युनिट वीज खर्च होईल?

उत्तरे: १. होय, ८० वॅट उरतील. २. १२.५ अँपिअर. ३. सुमारे २९६ वॅट, सुमारे ०.६ युनिट.

पुडीतला तो तुकडा सरांनी फेकू दिला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तो पुठ्ठ्यावर चिकटवून टांगला आहे. खाली मुलांनी एवढेच लिहिले आहे: ‘धारेचा वर्ग × रोध’.