नळयोजनेतील अदृश्य गळती

जमिनीखालील जलवाहिनीला छिद्र पडले, तरी पाणी वर येतेच असे नाही. ते मुरमात जिरून जाते. पुरवठा थांबून दाब उतरला, की त्याच छिद्रातून बाहेरचे सांडपाणी आत शिरू शकते. म्हणून गळतीचा प्रश्न पाण्याच्या नासाडीइतकाच गावाच्या आरोग्याचाही आहे.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. रात्री गावातील सर्व नळ बंद करवून टाकीत येणारे पाणी थांबवावे व पातळीची खूण करावी. टाकी आतून ४ मीटर लांब व ४ मीटर रुंद असून पातळी १० सेंटिमीटरने उतरली, तर १,६०० लिटर पाणी गेले. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या प्रमाणाने हा २९ जणांचा दिवसाचा वाटा होय.

टाकीचा निर्गम व्हॉल्व्ह बंद करूनही पातळी उतरत राहिल्यास दोष टाकीतच आहे. अन्यथा तो उघडून, शेवटच्या टोकाकडून एकेक व्हॉल्व्ह बंद करीत टाकीकडे यावे. ज्या व्हॉल्व्हपाशी उतार थांबेल, तो व त्याआधी बंद केलेला व्हॉल्व्ह यांच्यामधील भागात गळती समजावी. तेथील लोखंडी नळावर सळई टेकवून कान लावल्यास सळसळ ऐकू येते. प्लॅस्टिकच्या नळातून आवाज दूरवर जात नाही. तेथे ओल आणि भर उन्हाळ्यातील हिरवे गवत हीच खूण.

ग्रामपंचायतीने ही चाचणी ठराविक काळाने घेऊन पातळीची नोंद ठेवल्यास नवी गळती वेळीच ध्यानात येईल.