पाण्याखालच्या घराची नोंद



उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले की करमाळा तालुक्यात कुगावजवळ इनामदारांचा जुना वाडा वर येतो. लोक होडीने पाहावयास जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु याच पाण्याखाली आपल्या आजी-आजोबांची घरेही गेली. ती का वर येत नाहीत? वाडा दगडाचा होता. आपली घरे मातीच्या भिंतींची, वर पांढऱ्या मातीचे माळवद. त्यांचा गाळ झाला. दगड स्वतःची साक्ष देतो. मातीच्या घराची साक्ष माणसानेच दिली पाहिजे.

धरण १९८० साली पुरे झाले. तेव्हा विशीत असलेला माणूस आज पासष्टीच्या घरात आहे. पुढच्या वर्षी विचारू, असे म्हणू नका.

घर गेले, आता जपायचे काय, असे कोणी म्हणेल. बाबासाहेब १९२१-२२ साली लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. बाहेरून ते त्या रस्त्यावरच्या इतर घरांसारखेच. कोण, केव्हा, कुठे राहिले याची नोंद होती, म्हणून ते ओळखता आले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाला विकत घेता आले. नोंद आधी, जतन नंतर.

मी शाळेत भूमितीच्या तासाला मुलांना घरचे हेच काम देतो. एका मुलीच्या आजीने कागद बाजूला सारला आणि काडीने अंगणातच जुने घर आखले. किती खण, चूल कुठे, रांजण कुठे, गोठा कोणत्या अंगाला, सारे दाखविले. मग त्या रेघांतून आत शिरताना म्हातारी दाराशी वाकली. चौकट ठेंगणी होती ना! मुलीने दोरीने अंतरे मोजली आणि वहीत नकाशा उतरविला. दाराची उंचीही तिने आजीच्या वाकण्यावरूनच लिहिली.

तुम्हीही असेच करा. मात्र गोड तेवढेच लिहू नका. पाणवठा वेगळा होता का, घर गावकुसापासून किती दूर होते, येसकरकी कोणाकडे होती, तेही विचारा. वतन १९५८ च्या कायद्याने गेले, पण त्याची आठवण घरात असते. देव्हाऱ्यातले टाक कोणी, कोणत्या साली काढले, त्या रात्री घरात काय बोलणे झाले, कोण रडले, हे जरूर लिहा. यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या धर्मांतराचा इतिहास नागपूरइतकाच त्या देव्हाऱ्यापुढेही घडला आहे.

जुन्या घराची तुळई किंवा चौकट नव्या घरात बसविली असेल तर तिचे माप घ्या, छायाचित्र काढा. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल ट्रंकेत असेल तर ती शोधा. नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करून मागा. घर कोणाच्या नावे होते आणि मोबदला किती ठरला, हे त्यात सापडते. पाणी उतरल्यावर जागा पाहावयास जाल तर म्हाताऱ्यांना व मुलांना ओल्या गाळात उतरवू नका. वरून सुकलेला गाळ आत कंबरेइतका असू शकतो.

वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घाला. दोन प्रती करा. एक घरी, एक विहारात ठेवा.