दीर्घ मुदतीच्या कर्जाचा हप्ता व आपले टनेज



विहीर, पाइपलाइन, ठिबक यांसाठी काढलेले कर्ज आपण ऊस बिलातूनच फेडतो. कर्ज किती मिळेल हे सगळे विचारतात, त्यापायी दरवर्षी किती टन ऊस जाईल हे फार थोडे विचारतात. हा हिशेब आता एक्सेल किंवा गुगल शीट्सच्या तक्त्यात घरबसल्या होतो. घरात कॉलेजची पोरं असतील तर शेजारी बसवावीत.

समजा, कर्ज ४,००,००० रु., व्याज द.सा.द.शे. ११, मुदत १० वर्षे, वर्षाला एक हप्ता. रिकाम्या चौकटीत =पीएमटी(११%,१०,-४०००००) असे, पण इंग्रजी अक्षरे व आकडे वापरून लिहावे. उत्तर येते ६७,९२१ रु.

आता पाच रकाने आखा: वर्ष, सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, अखेरची बाकी. बाकीला ११ टक्क्यांनी गुणले की व्याज. बाकीत व्याज मिळवून हप्ता वजा केला की अखेरची बाकी, आणि तीच पुढच्या ओळीची सुरुवात. पहिल्या वर्षी ४४,००० रु. व्याजातच जातात, मुद्दल फिटते जेमतेम २३,९२१ रु. दहाव्या ओळीत बाकी शून्यावर येते. पाच-दहा रुपयांचा फरक पडला तर तो पैशांच्या पूर्णांकाचा.

तोडणी-वाहतूक व इतर कपाती जाऊन टनाला २,५०० रु. हाती पडतात असे धरले, तर एका हप्त्याला २७ टनांहून थोडा जास्त ऊस लागतो. आपला आकडा आपल्या बिलावरून घ्यावा.

दुसरी पद्धत समान मुद्दलाची. दरवर्षी ४०,००० रु. मुद्दल अधिक बाकीवरचे व्याज. दहा वर्षांत सुमारे ३७,२०० रु. व्याज वाचते. पण पहिलाच हप्ता ८४,००० रु., म्हणजे साडेतेहतीस टनांवर! नव्या पाण्यावर ऊस उभा राहीपर्यंत ओढाताण असतेच, म्हणून लहान खातेदाराने समान हप्ताच घ्यावा असे आम्हाला वाटते.

खरी गंमत पुढे आहे. तिसऱ्या वर्षाच्या हप्त्याच्या जागी शून्य घालून पाहा. व्याज दरवर्षी मुदलात मिळत गेले, तर बाकी सगळे हप्ते वेळेवर भरूनही दहाव्या वर्षाअखेर सुमारे १ लाख ४१ हजार रु. शिल्लक दिसतात. दंडव्याज वेगळेच. आणि असे वर्ष आपणच ओढवून घेतो. सगळे रान एकदम आडसालीला घातले की ऊस दीड वर्ष उभा, मग एका गळीत हंगामात बिलच नाही. कर्ज असेपर्यंत थोडे क्षेत्र सुरू किंवा खोडव्यात ठेवावे. लागणीची नोंद देतानाच गटाच्या शेतकी मदतनिसाबरोबर याचा मेळ घालावा.

बँकेचा हप्ता तक्त्याशी जुळला नाही तर सहीआधी विचारावे: व्याज घटत्या बाकीवर आहे की मूळ रकमेवर? मूळ रकमेवर असेल तर याच कर्जाला १० वर्षांत ४,४०,००० रु. व्याज होते, घटत्या बाकीवर सुमारे २,७९,२०० रु.