मुद्दल आधी, व्याज नंतर
(बचत कोठे ठेवावी याविषयी एक अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : वरच्या इयत्तांत सरळव्याज व चक्रवाढव्याज शिकविताना त्या गणिताचा घरच्या व्यवहाराशी संबंध जोडून दाखविणे, आणि सुरक्षित ठेव कशी ओळखावी याची माहिती शिक्षक, विद्यार्थी व पालक या तिघांसही करून देणे.

विषयप्रवेश

मुद्दल, दर, मुदत आणि व्याज हे चार शब्द मुलांच्या परिचयाचे असतात. मुद्दलास दराने व मुदतीने गुणावे, शंभराने भागावे, म्हणजे व्याज निघते, हे सूत्रही त्यांस पाठ असते. परंतु ह्या सूत्रात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते : मुदत संपताच मुद्दल परत मिळणारच. पुस्तकातील उदाहरणात ते नेहमीच परत मिळते. व्यवहारात मात्र हीच गोष्ट सर्वांत आधी तपासावी लागते. ती न तपासल्यामुळे वीस वर्षांची काटकसर एका सहीने बुडाल्याची उदाहरणे गावोगावी सापडतात. म्हणून ठेवीचा विचार करताना दराचा प्रश्न पहिला नसून शेवटचा आहे, ही ह्या पाठाची मुख्य शिकवण होय.

घरात ठेवलेला पैसा

आठ-पंधरा दिवसांच्या खर्चापुरती रोकड प्रत्येक घरात असावी. रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले तर तिचा आधार असतो. त्याहून अधिक पैसा डब्यात अगर कपाटात साठविणे मात्र शहाणपणाचे नव्हे. चोरी, आग, वाळवी ही भये उघडच आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व एक हजार रुपयांच्या तेव्हाच्या नोटा चलनातून रद्द झाल्या, त्या वेळी घरात साठविलेली रक्कम बदलून घेण्यासाठी लोकांस रांगा लावाव्या लागल्या. याखेरीज एक चोर असा आहे की तो कुलूप न तोडताच येतो. तो म्हणजे महागाई. भाव दर वर्षी शेकडा ६ ने वाढत गेले असे धरले, तर आज डब्यात ठेवलेल्या एक लाख रुपयांत दहा वर्षांनी आजच्या सुमारे ५६ हजार रुपयांइतकाच माल येईल. नोटा तितक्याच राहतील. त्यांचे बळ घटेल.

ठेव म्हणजे दिलेले कर्ज

‘पैसा बँकेत ठेविला’ असे आपण म्हणतो. त्यामुळे तो एखाद्या तिजोरीत जसाच्या तसा जपून ठेवलेला असावा अशी समजूत होते. वस्तुतः ठेव म्हणजे ठेवीदाराने त्या संस्थेस दिलेले कर्ज होय. ठेवीदार हा धनको व संस्था ही ऋणको. संस्था तो पैसा पुढे दुसऱ्यास कर्जाऊ देते आणि मिळणाऱ्या व्याजातील काही भाग ठेवीदारास देते. शेजाऱ्यास हातउसने पैसे देताना मनुष्य जे प्रश्न मनात आणतो, तेच ठेव ठेवतानाही विचारावयास हवेत. ते चार प्रश्न असे :

१. आपण पैसे नेमके कोणास देत आहोत?
२. त्याने ते परत केले नाहीत, तर भरपाईची हमी कोणाची?
३. पैसे परत केव्हा मिळतील, व मध्येच गरज पडल्यास काय होईल?
४. व्याज किती मिळेल?

हा क्रम बदलू नये.

सरकारची हमी : पोस्टाच्या योजना

भारतात पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. येथे ऋणको स्वतः केंद्र सरकार असल्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकदमच मिळतात. बचत खाते, एक, दोन, तीन व पाच वर्षांच्या मुदत ठेवी, दरमहा थोडी थोडी रक्कम भरण्याची आवर्ती ठेव, मासिक उत्पन्न योजना, पाच वर्षांचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र आणि किसान विकास पत्र ह्या त्यांतील प्रमुख सोयी होत. साठ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. ५५ ते ६० ह्या वयात सेवानिवृत्त झालेल्या व्यक्तीसही निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून ठराविक मुदतीत तिचा लाभ घेता येतो. शिक्षकांनी ही तरतूद ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पंधरा वर्षांचा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी १९६८ पासून चालू आहे. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने उघडावयाचे सुकन्या समृद्धी खाते २०१५ साली सुरू झाले.

ह्या योजनांचे दर सरकार दर तिमाहीस जाहीर करिते. येथे एक भेद समजून घ्यावा. मुदत ठेव किंवा बचत प्रमाणपत्र घेतले, तर त्या दिवशीचा दर मुदत संपेपर्यंत तोच राहतो. भविष्यनिर्वाह निधी व सुकन्या खाते यांत मात्र सरकार दर बदलील तसे पुढील व्याज बदलते. म्हणून जाहिरातीतील आकडा वाचताना तो कायमचा आहे की तूर्तचा, हे विचारून घ्यावे.

बँका आणि ठेव विमा

१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. ठेवीदारांच्या मनात भीती बसली. त्यातून ठेव विम्याची कल्पना मार्गी लागली आणि १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ स्थापन झाले. तेव्हा प्रत्येक ठेवीदारास एका बँकेपुरते १,५०० रुपयांचे संरक्षण होते. ही मर्यादा वाढत वाढत १९९३ साली एक लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. विम्याचा हप्ता बँक भरते. ठेवीदारास वेगळा अर्ज करावा लागत नाही.

पाच लाखांची ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे, आणि एका बँकेच्या सर्व शाखा मिळून आहे. समजा, एका शिक्षिकेने एकाच बँकेच्या गावातील शाखेत ४ लाख व तालुक्याच्या शाखेत ३ लाख ठेविले. दोन पावत्या असल्या तरी बँक एकच; म्हणून ७ लाखांपैकी ५ लाखच संरक्षित. हीच रक्कम दोन निरनिराळ्या बँकांत असती, तर ती सगळी संरक्षणाखाली आली असती.

विमा आहे म्हणून अडचण होतच नाही, असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी प्रत्येक खात्यातून केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. तोवर औषधपाणी, शिक्षण, घरभाडे यांसाठी साठविलेला पैसा असूनही तो हाती नव्हता. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम साधारणपणे नव्वद दिवसांत ठेवीदारास मिळावी अशी तरतूद झाली. तरीही घरातील सगळा पैसा एकाच बँकेत ठेवू नये, हा धडा कायमचा आहे.

नावातील फरक

गावच्या बाजारपेठेत बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या शेजारी शेजारी असतात. दोन्हीकडे पासबुक मिळते, दोन्हीकडील माणसे ओळखीची असतात. परंतु रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकेतील ठेवीस वरील विमा लागू असतो. पतसंस्थेतील ठेवीस तो लागू नसतो. अनेक पतसंस्था सचोटीने चालतात व अडल्यानडल्यास सभासदांच्या उपयोगीही पडतात. तेव्हा त्यांस दोष देण्याचा हा प्रश्न नाही. भरवसा माणसांवर ठेवावयाचा आहे की कायद्याने दिलेल्या हमीवर, हे ठेवीदारास माहीत असले पाहिजे, एवढेच. खाजगी कंपन्या घेतात त्या मुदत ठेवींसही हा विमा नाही. भिशीचा आधार तर केवळ परस्परविश्वास हाच असतो.

जास्त व्याजाचा हिशेब

हा हिशेब फळ्यावर अवश्य मांडावा. एके ठिकाणी हमी असलेली ठेव आहे, दर शेकडा ७. दुसरीकडे हमी नाही, दर शेकडा ९. एक लाख रुपयांवर पहिल्या ठिकाणी वर्षास ७,००० व दुसऱ्या ठिकाणी ९,००० रुपये सरळव्याज मिळेल. वाढावा २,००० रुपयांचा. आता मुलांस विचारावे : दुसऱ्या ठिकाणचे एक लाख बुडाले, तर ती हानी ह्या वाढाव्यातून भरून निघण्यास किती वर्षे लागतील? उत्तर येते पन्नास. अधिक व्याज ही फुकटची देणगी नसून जोखमीची किंमत असते, हे मुलांस ह्या एका भागाकारावरून कळते.

दुसरा ठोकताळा ७२ चा. चक्रवाढीने रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे काढावयाची, तर ७२ ला दराने भागावे. शेकडा ७ ने सुमारे सव्वादहा वर्षे लागतात. हाच ठोकताळा उलटा वापरता येतो. ‘तीन वर्षांत दामदुप्पट’ असे कोणी सांगितले, तर ७२ ला ३ ने भागावे : दर येतो २४. बारकाईने काढल्यास तो २६ च्या आसपास भरतो. इतके व्याज देण्यासाठी त्या माणसाने स्वतः किती मिळवावयास हवे, आणि ते तो कोणत्या धंद्यात मिळविणार, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील. अशा फसव्या योजनांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा झाला, व २०१९ साली केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. तथापि कायदा बहुधा पैसे गेल्यानंतर धावून येतो. भागाकार आधी करता येतो.

सुरक्षित ठेवीने मनुष्य श्रीमंत होतो असेही मुलांस सांगू नये. शेकडा ७ ने एक लाखाचे दहा वर्षांत सुमारे १ लाख ९७ हजार होतील. पण भाव शेकडा ६ ने वाढत असतील, तर त्या रकमेचे बळ आजच्या सुमारे १ लाख १० हजारांइतकेच असेल. बहुतेक ठेवींच्या व्याजावर प्राप्तिकराचा नियम लागू असतो, हेही जमेस धरावे. सुरक्षित ठेवीचे काम साठा राखणे हे आहे.

मुदतीची शिडी

सगळी रक्कम एकदम दीर्घ मुदतीत अडकवावी, तर गरजेच्या वेळी ठेव मोडावी लागते व व्याज कमी मिळते. सगळीच बचत खात्यात ठेवावी, तर दर कमी पडतो. यावर उपाय म्हणजे पायरीपायरीने ठेव ठेवणे. समजा, एका कुटुंबाजवळ ३,६०,००० रुपये आहेत व महिन्याचा खर्च २०,००० रुपये आहे. तीन महिन्यांचे ६०,००० बचत खात्यात ठेवावे. उरलेल्या तीन लाखांचे तीन समान भाग करून ते अनुक्रमे एक, दोन व तीन वर्षांच्या मुदतीने ठेवावे. दर वर्षी एक ठेव मोकळी होईल. गरज नसल्यास ती पुन्हा तीन वर्षांसाठी ठेवावी. अशाने दर चढले तरी काही रक्कम नव्या दराने लागते, उतरले तरी काही रक्कम जुन्या दराने चालू राहते, आणि घरात कार्य निघाले तर बारा महिन्यांच्या आत एक पायरी हाताशी येते.

कागदपत्रांची शिस्त

पैसे भरताच पावती घ्यावी व पासबुकात नोंद झाल्याची खात्री करावी. पासबुक प्रतिनिधीकडे ठेवून देऊ नये. तो नात्यातला असला तरीही. कोऱ्या कागदावर सही अगर अंगठा देऊ नये. भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक कोणासही सांगू नये. प्रत्येक खात्यावर वारसाचे नामनिर्देशन करावे, आणि सर्व ठेवींची यादी घरातील दुसऱ्या जाणत्या माणसास, विशेषतः पत्नीस, माहीत असावी. कर्ता पुरुष गेल्यावर पावत्यांचा ठावठिकाणा न लागल्यामुळे कुटुंबास आपल्याच पैशावाचून दिवस काढावे लागतात. दहा वर्षे कोणी हक्क न सांगितलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होतात. वारसास पुढेही त्या मागता येतात. परंतु ठेव होती हेच ठाऊक नसेल, तर मागणार कोण?

सेवेतील शिक्षकांसाठी ह्या विषयास आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नेमणूक होणाऱ्यांसाठी अंशदानावर आधारलेली निवृत्तिवेतन योजना आली. वृद्धापकाळाची तरतूद अंशतः स्वतःच्या संचयावर अवलंबून असेल, तर त्या संचयाची राखण हे नोकरीइतकेच जबाबदारीचे काम ठरते.

स्वाध्याय

१. घरी किंवा शेजारी विचारून गावातील ठेव स्वीकारणाऱ्या संस्थांची यादी करा. कोणती बँक, कोणती पतसंस्था, कोणते पोस्ट ते लिहा. कोणाची किती ठेव आहे हे मात्र विचारू नका.
२. यादीतील प्रत्येक संस्थेपुढे ‘हमी कोणाची?’ ह्या प्रश्नाचे उत्तर लिहा.
३. एका गृहस्थाची एकाच बँकेच्या तीन शाखांत प्रत्येकी २,५०,००० रुपयांची ठेव आहे. विम्याच्या मर्यादेबाहेर किती रक्कम राहते? त्याने काय करावे?
४. ‘पाच वर्षांत दामदुप्पट’ अशी जाहिरात आहे. ७२ च्या ठोकताळ्याने दर काढा आणि त्याची तुलना पोस्टाच्या पाच वर्षांच्या ठेवीच्या चालू दराशी करा.
५. आई-वडिलांस एक प्रश्न विचारा : घरातील सर्व पासबुके व पावत्या कोठे आहेत, हे घरातील किती माणसांस माहीत आहे?

शिक्षकांनी पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गात वाचून घेऊ नये. ते उत्तर मुलांच्या घरी उपयोगी पडावयाचे आहे.