डिकँटर काय करतो आणि काय करीत नाही



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना आम्हांला हल्ली एकच प्रश्न येतो : "कारखान्याचे सांडपाणी मशीनने साफ होते म्हणता, मग आमच्या चारीला का सोडत नाही?" उन्हाळ्यात ऊस वाळताना पाहिला की कोणीही हेच विचारील. पण मशीनचे काम आधी समजून घेऊ.

साखरघरातले सेंट्रिफ्युगल आपण पाहिलेच असेल. पाक जोरात फिरला की मळी जाळीतून बाहेर जाते, साखर आत राहते. डिकँटरही फिरण्यावरच चालतो, पण त्याला जाळी नसते. आडवे पिंप गरगर फिरते, जड गाळ कडेला चिकटतो. आतला स्क्रू किंचित वेगळ्या गतीने फिरून तो एका टोकाने बाहेर ढकलतो. पाणी दुसऱ्या टोकाने निघते.

याचा खरा उपयोग सांडपाणी शुद्ध करताना जो पातळ गाळ उरतो त्यासाठी. अशा 100 किलो गाळात घनभाग साधारण 1 किलोच, बाकी पाणी. घनभाग 20 टक्क्यांवर आणला की गाळ उरतो 5 किलो! तो प्रेसमडबरोबर कंपोस्टला जातो, 95 लिटर पाणी पुन्हा शुद्धीकरणाच्या टाकीत. वाफ्यांवर गाळ वाळवायचा तर अवकाळी पावसात नुसता राडा होतो, ती कटकट वाचते. वीज आणि गाळ एकत्र बांधणारे औषध मात्र लागते, तेव्हा काम फुकटात होत नाही.

आता मुद्द्याचे. गुळाचे पाणी फडक्याने कितीही गाळा, गोडच राहणार. तसेच, सांडपाण्यात विरघळलेली साखर डिकँटरने निघत नाही. ती जिवाणूच खातात, तेही हवा सोडलेल्या टाकीत. ही पायरी चुकवून पाणी ओढ्याला गेले, तर जिवाणू तिथे पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे मरतात. सरीत साचले तर मुळ्या गुदमरतात, आणि झिरपून शेजारच्या विहिरीला वास येतो. पाणी नितळ दिसले म्हणून यातले काही टळत नाही.

हा भार 'बीओडी'ने मोजतात. साखर कारखान्यांसाठीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांत जमिनीवर सोडायच्या पाण्याला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. काळ्या जमिनीवाल्यांनी क्षारही पाहावेत. निचरा नसेल तर ते वर्षानुवर्षे साचतात.

तेव्हा पाणी घेण्यापूर्वी गट ऑफिसात प्रयोगशाळेची चिठ्ठी मागा, बीओडी आणि क्षार दोन्हींची. चिठ्ठी नसेल तर चारीचे दार उघडू नका.