पन्नास टक्के कशाचे?

आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदी स्वामींची यात्रा असते आणि नेमके तेच दिवस प्रवेशाचे. त्या गर्दीतून वाट काढत एक ताई माझ्याकडे आल्या. हातात एका खाजगी विद्यापीठाचं जाड, गुळगुळीत कागदाचं पत्र. "सर, पोरीला पन्नास टक्के स्कॉलरशिप लागली! आठ दिवसांत पन्नास हजार भरायचेत, नाहीतर सीट जाते म्हणतात. ह्यांनी मोसंबीचं दोन एकर विकायला काढायचं ठरवलंय."

'लागली' हा शब्द मला खटकला. लागते ती लॉटरी.

पत्र दोनदा वाचलं. सूट होती फक्त शिक्षण शुल्कावर, तीही पहिल्या वर्षी. पुढे साडेआठच्या वर सीजीपीए राहिला तरच. वार्षिक शुल्क अडीच लाख, दरवर्षी पाच टक्के वाढ, वसतिगृह आणि मेस मिळून एक लाख वीस हजार. ताईंच्या मनातला हिशेब सरळ होता : सव्वा लाख गुणिले चार, म्हणजे पाच लाख. मी कॅलेंडरच्या पाठीवर मांडून दाखवलं. सूट पहिल्याच वर्षी संपली, तर चार वर्षांचं नुसतं शिक्षण शुल्क साडेनऊ लाख. राहणं-जेवण धरून सव्वाचौदा लाखांच्या वर. ताई बराच वेळ त्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

पालकहो, अशा पत्राला मी शिष्यवृत्ती म्हणत नाही. ती सूट आहे, दिवाळीत कापडाच्या दुकानात असते तशी. सूट घेण्यात वाईट काही नाही. पण सूट कशावर, किती वर्षं आणि कोणत्या अटीवर, हे लेखी घेतल्याशिवाय वावराला हात लावू नका.

आता खरी गोम सांगतो. आपण खाजगी कॉलेज आणि खाजगी विद्यापीठ यांना एकाच दावणीला बांधतो. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली. ती झाली खाजगी कॉलेजं. स्वतःच पदवी देणारी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं आपल्या राज्यात बरीच नंतर आली. शेजारच्या संभाजीनगरातलं एमजीएम विद्यापीठ 2019 चं. मुलांना दोन्हीकडे इमारती चकचकीतच दिसतात. सरकारच्या कागदावर मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

8 जुलै 2024 चा शासन निर्णय बघा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातली मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल आणि तिला व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला असेल, तर तिचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरतं. विनाअनुदानित खाजगी कॉलेजातही! पण खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. व्यवस्थापन कोट्यालाही हा लाभ नाही. म्हणजे ताईंच्या मुलीला कॅपमधून विनाअनुदानित कॉलेज मिळालं, तर ते साडेनऊ लाख वाचणार होते. वसतिगृह, जेवण आणि बाकीची बारीकसारीक शुल्कं तेवढी घरून.

नुसत्या 'अभिमत' शब्दावरही जाऊ नका. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र 2018 पासून आपल्या जालन्यातच आहे. ती संस्था अभिमत खरी, पण शासनाची. पाटी वाचायची ती मालकापर्यंत वाचायची.

मुलांच्या बापांनी तोंड पाडू नये. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळं मे महिन्यातच करून ठेवा. जुलैत सेतूसमोरची रांग बघून माणूस अर्जच सोडून देतो, असं मी दरवर्षी पाहतो.

कधीकधी हवा तो अभ्यासक्रम खाजगी विद्यापीठातच असतो. मान्य. मग कर्ज काढा, पण डोळे उघडे ठेवून. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण नाही, जामीनदार नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. मात्र संस्था त्यांच्या यादीत हवी आणि प्रवेश गुणवत्तेवर हवा. ही यादी केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीवरून ठरते. यादीत नाव आहे का, हे विद्यापीठाच्या माणसाला विचारू नका, योजनेच्या पोर्टलवर स्वतः बघा.

आणि हप्ता आधी मोजा. दहा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं : महिन्याला तेरा हजार दोनशेच्या आसपास. शिक्षणाच्या काळातलं व्याज साठलं तर आणखी वर. पोराला पहिली नोकरी वीस हजारांची लागली, तर पुण्यात खोलीचं भाडं तो कशातून देणार? हा प्रश्न पोरासमोर बसून विचारा. त्याच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. उलट कर्जावर सही त्याचीही असते.

'आठ दिवसांत भरा' या धाकानं तर अजिबात हलू नका. 2024-25 साठी यूजीसीनं सांगितलं होतं : 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत, 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून. तुमच्या वर्षाची तारीख यूजीसीच्या परिपत्रकात बघून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवायलाही मनाई आहे. तिथं फक्त झेरॉक्स द्या.

त्या ताईंनी पन्नास हजार भरले नाहीत. मुलगी कॅपच्या दुसऱ्या फेरीत संभाजीनगरच्या एका विनाअनुदानित कॉलेजात लागली. बाग अजून आहे, यंदा मृग बहार धरलाय म्हणे.

तुमच्या हातात असं पत्र आलं असेल, तर पैसे भरायच्या आधी त्याच्या पाठीमागे चारही वर्षांचा हिशेब लिहा. जमत नसेल तर माझ्याकडे या. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.